आधी अंतर मोजा: यू१ ते यू६ ही जनुके चालू कशी होतात आणि ते तपासायचे कसे

तुमच्या प्रयोगशाळेत जनुक-संपादनाचे काम चालत असेल, तर फ्रीजरमधल्या एखाद्या डब्यात ‘यू६ प्रमोटर’ असा बाण काढलेला प्लाझ्मिड नक्की सापडेल. त्या बाणापुढे आपण गाइड आरएनएचे वीस बेस जोडतो, प्लाझ्मिड पेशीत सोडतो आणि पुढच्या कामाला लागतो. बाणाच्या आत काय आहे हे बघायची वेळ सहसा येत नाही. आज तो बाण उघडू. सुमारे अडीचशे बेसांच्या त्या पट्ट्यात कोणती प्रथिने कुठे बसतात, त्यांच्यामुळे जनुक कसे चालू होते आणि हे स्वतःच्या हाताने कसे पडताळायचे, ते क्रमाने बघू. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातले किंवा पीएचडीला नुकतेच लागलेले विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

एसएनआरएनए म्हणजे केंद्रकातले छोटे आरएनए. त्यांत युरिडिन भरपूर, म्हणून नावात ‘यू’. यू१, यू२, यू४, यू५ आणि यू६ हे पाच जण प्रथिनांबरोबर मिळून स्प्लायसोसोम उभा करतात आणि कच्च्या एमआरएनएमधले इंट्रॉन कापून टाकतात. लांबी शंभर ते दोनशे बेस, पण संख्या प्रचंड: माणसाच्या एका पेशीत यू१चे सुमारे दहा लाख रेणू असतात. इतका माल सतत पुरवायचा तर ही जनुके जोरात चालली पाहिजेत. आणि यांतला एखादा बेस चुकला तर काय होते, हे २०२४ साली ठळकपणे समोर आले. यू४ बनवणाऱ्या आरएनयू४-२ या जनुकातले बदल हे मुलांच्या मेंदूच्या वाढीतल्या विकारांचे एक मोठे कारण निघाले. इतकी वर्षे ते नजरेआड राहिले, कारण बहुतेक चाचण्या फक्त प्रथिने बनवणारी जनुके वाचत होत्या.

पहिला टप्पा: खरे जनुक ओळखा

जीनोम ब्राउझरमध्ये यू६ शोधलात तर शेकडो जागा उजळतात. त्यांतल्या मोजक्याच कामाच्या, बाकीच्या निव्वळ नकला. नवे विद्यार्थी इथेच फसतात. यादीतली पहिली जागा उचलतात, तिच्यावर प्रायमर बनवतात आणि महिनाभर मुक्या जागेवर काम करत राहतात.

नकला इतक्या का? यू६चा तयार आरएनए उलटा डीएनएमध्ये लिहिला जाऊन जीनोममध्ये भलतीकडे चिकटतो. पण चिकटतो तो फक्त आरएनएचा भाग. जनुक चालू करणारा प्रमोटर आरएनएच्या आधी, पूर्णपणे बाहेर असतो, म्हणून तो मूळ जागीच राहतो. टीआरएनएच्या जनुकात प्रमोटरचे तुकडे जनुकाच्या पोटात असतात, त्यामुळे त्याची नक्कल आपला प्रमोटर बरोबर घेऊन जाऊ शकते. यू६ला ती सोय नाही.

यावरून कसोटी सोपी होते. जनुकाचा क्रम तंतोतंत जुळतो का, एवढे पाहून थांबू नका. त्याच्या मागचे २५० बेस उतरवून घ्या आणि पुढच्या टप्प्यात सांगितलेल्या खुणा तिथे आहेत का ते बघा. खुणा नसतील तर ती जागा सोडून द्या. यू१ आणि यू२च्या बाबतीत अडचण वेगळी आहे: खऱ्या प्रतीच अनेक आहेत. यू२ची जनुके १७ व्या गुणसूत्रावर एकामागे एक रांगेने लागलेली आहेत. त्यामुळे ‘एका’ यू२ जनुकाचे मोजमाप म्हणून तुम्ही जे दाखवता, ते बहुतेक वेळा सगळ्या रांगेची बेरीज असते. अहवालात तसे स्पष्ट लिहा.

दुसरा टप्पा: पट्टी घेऊन मोजा

आरएनएचा पहिला बेस म्हणजे +१, त्याच्या लगेच आधीचा –१. मध्ये शून्य नसते. ही बारीक गोष्ट विसरली की पुढची सगळी मापे एकाने चुकतात.

आता प्लाझ्मिडमधला यू६ प्रमोटर उघडा. गाइडच्या आधी शेवटी ‘सी ए सी सी’ दिसेल. त्यातला शेवटचा सी म्हणजे –१. तिथून मागे मोजत जा.

‘टी टी टी ए टी ए टी ए’ हा तुकडा –३१ ते –२४ वर येतो. हा टाटा बॉक्स.

आणखी मागे –६६ ते –४८ वर ‘सी टी टी ए सी सी जी टी ए ए सी टी टी जी ए ए ए जी टी’ सापडेल. हा पीएसई, म्हणजे जनुकाजवळचा घटक. या सगळ्या कुटुंबाची खरी ओळख हीच. यू१, यू२, यू४, यू५, यू६, आणि ७एसके नावाचा आणखी एक छोटा आरएनए, सगळ्यांना तो लागतो.

आणि दूर, –२२१ ते –२१४ वर, ‘ए टी टी टी जी सी ए टी’. हा ऑक्टॅमर. प्रबंधांत तो बहुधा ‘ए टी जी सी ए ए ए टी’ असा छापलेला असतो. दुसऱ्या धाग्यावरून वाचला की तोच. ऑक्टॅमरला लागूनच, थोडे आणखी मागे, झेडएनएफ१४३ या प्रथिनाची जागा आहे. जुन्या लेखांत त्याच प्रथिनाला स्टाफ म्हटलेले असते. या दोन जागा मिळून डीएसई होतो, म्हणजे लांबचा घटक.

आता ऑक्टॅमर संपतो तिथपासून पीएसई सुरू होतो तिथपर्यंतचे बेस मोजा. –२१३ ते –६७. उत्तर येते १४७.

हा आकडा तुम्ही आधी ऐकला असेल. न्यूक्लिओसोमच्या हिस्टोन-गाभ्याभोवती जेवढा डीएनए गुंडाळला जातो, तेवढाच हा. पीएसईची हद्द एखाद्या बेसाने इकडे-तिकडे धरता येते, म्हणून त्या नेमक्या शेवटच्या आकड्याला मी फार महत्त्व देणार नाही. पण हे अंतर न्यूक्लिओसोमच्या मापाचे आहे, आणि त्याचा अर्थ पुढच्या टप्प्यात उलगडतो.

मोजणी संगणकावर दहा सेकंदांत होते, हे मला माहीत आहे. तरी एकदा छापील कागदावर पेन्सिलीने करा. माझ्या वर्गात ज्यांनी ती हाताने केली, त्यांना हा प्रमोटर पुन्हा शिकवावा लागला नाही.

तिसरा टप्पा: कोण कुठे बसते ते मांडा

पीएसईवर बसणारे संकुल म्हणजे स्नॅप संकुल. त्यात पाच प्रथिने: स्नॅप-१९०, स्नॅप-५०, स्नॅप-४५, स्नॅप-४३ आणि स्नॅप-१९. आकडे त्यांच्या किलोडाल्टनमधल्या वजनावरून पडले. आजच्या माहितीसाठ्यांत तीच स्नॅपसी४, स्नॅपसी३, स्नॅपसी२, स्नॅपसी१ आणि स्नॅपसी५ या नावांनी आहेत. क्रम वजनाशी सरळ जुळत नाही, म्हणून अँटिबॉडी मागवण्यापूर्वी दोन्ही नावे ताडून बघा.

नावांचा घोळ आणखी एक आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तीन प्रयोगशाळांनी हेच संकुल स्वतंत्रपणे शोधले. जर्मनीतल्या झाइफार्ट यांच्या गटाने त्याला पीबीपी म्हटले, न्यूयॉर्कच्या रोडर यांच्या गटाने पीटीएफ आणि कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या नूरिया हर्नांडेझ यांच्या गटाने स्नॅप. जुने संशोधन वाचताना ही तिन्ही एकच समजून वाचा, नाहीतर तीन वेगळे घटक आहेत असे वाटत राहते.

पाचांत कामाचा भार सारखा वाटलेला नाही. डीएनएला प्रत्यक्ष हात लावतात ते मुख्यतः स्नॅप-१९० आणि स्नॅप-५०. स्नॅप-१९०मध्ये मिब प्रकारचे साडेचार तुकडे आहेत आणि पीएसई पकडण्याचे काम त्यांतून होते. स्नॅप-१९०च्या अर्ध्याहून लहान भागाला स्नॅप-५० आणि स्नॅप-४३ची जोड दिली, तरी नळीत काम करणारे छोटे संकुल तयार होते. उलट, संपूर्ण स्नॅप संकुल एकट्याने पीएसईवर तितकेसे घट्ट बसत नाही, कारण स्नॅप-१९०च्या मागच्या अर्ध्या भागाने स्वतःच्याच पकडीला ब्रेक लावलेला असतो.

तो ब्रेक सोडवतो ऑक्ट-१. ऑक्ट-१ ऑक्टॅमरवर बसतो आणि आपल्या पीओयू भागाने, म्हणजे डीएनए धरणाऱ्या भागानेच, स्नॅप-१९०ला धरतो. धरल्यावर स्नॅपची पीएसईवरची पकड पक्की होते. हा हात किती नेमका आहे बघा. ऑक्ट-१च्या पीओयू भागात सातव्या जागी ग्लुटामिक आम्ल आहे. पिट-१ हे त्याच घराण्यातले प्रथिन, रचना जवळपास सारखी, पण त्या जागी आर्जिनिन आहे आणि पिट-१ला स्नॅप बोलावता येत नाही. ऑक्ट-१मध्ये तेवढे एकच अमिनो आम्ल बदलून आर्जिनिन केले की त्याचीही मदत थांबते. प्रथिनांची गाठ म्हणजे नक्की काय, हे विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगले उदाहरण मला अजून सापडलेले नाही.

पण ऑक्ट-१ आणि स्नॅप यांच्यामध्ये दीडशे बेसांचे अंतर आहे. इतका छोटा डीएनए ताठ असतो, सहजासहजी वाकत नाही. मग हात पोचतो कसा? ते १४७ बेस एका न्यूक्लिओसोमभोवती गुंडाळले जातात, आणि लांबची दोन टोके शेजारी येतात. यू६च्या प्रमोटरवर असा ठरलेल्या जागीचा न्यूक्लिओसोम आहे, आणि त्याच्यामुळे ऑक्ट-१ला स्नॅप बोलावता येतो, हे २००१ साली प्रयोगाने दाखवले गेले. न्यूक्लिओसोम म्हणजे जनुकाला अडथळा, असे आपण पहिल्या वर्षात शिकतो. इथे तोच जनुक चालू व्हायला मदत करतो.

आरएनेज पीचा आरएनए देणाऱ्या एच१ जनुकात मात्र हेच घटक सुमारे शंभर बेसांत दाटीने बसवलेले आहेत. तिथे मध्ये न्यूक्लिओसोमला जागाच नाही. यू६वरून शिकलेला नियम एच१ला लावू नका.

चौथा टप्पा: कोणते पॉलिमरेज येणार ते ठरवा

यू१, यू२, यू४, यू५ ही जनुके आरएनए पॉलिमरेज-२ वाचते, यू६ पॉलिमरेज-३. दोन्हींकडे पीएसई तोच, स्नॅप संकुल तेच, डीएसईवर ऑक्ट-१ही तोच. फरक टाटा बॉक्सचा. यू६मध्ये तो आहे, यू१-यू२मध्ये नाही. आणि अंदाज उलटा जातो तो इथेच. पाठ्यपुस्तकात टाटा बॉक्स म्हणजे पॉलिमरेज-२ची ठळक खूण. या कुटुंबात तो असला तर पॉलिमरेज-३ येते.

१९८८ आणि १९८९ साली हे फार स्वच्छ प्रयोगांनी सिद्ध झाले. बेडकाच्या आणि माणसाच्या यू२ आणि यू६ जनुकांवर काम करणाऱ्या दोन गटांनी प्रमोटरमध्ये अगदी थोडे बेस बदलून पॉलिमरेजच बदलून दाखवले. माणसाच्या यू२ प्रमोटरमध्ये टाटा बॉक्स घातला की ते जनुक पॉलिमरेज-३कडे जाते. त्यासाठी सात बेसांचा बदल पुरतो.

पुढची जुळणी अशी. पॉलिमरेज-२च्या वाटेवर स्नॅपबरोबर टीबीपी (टाटा बॉक्स धरणारे प्रथिन) आणि टीएफटूए, टीएफटूबी, टीएफटूई, टीएफटूएफ हे मदतनीस घटक जमतात. टाटा बॉक्स नसला तरी टीबीपी लागतोच. त्याला जागेवर आणायचे काम स्नॅप करते. २०२२ साली क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्नॅप आणि पॉलिमरेज-२ यांची ही जुळलेली मांडणी थेट दिसली. पॉलिमरेज-३च्या वाटेवर टीबीपी टाटा बॉक्सवर बसतो, त्याच्याबरोबर बीआरएफ२ आणि बीडीपी१ येतात. टीआरएनएच्या जनुकांवर बीआरएफ१ काम करतो, इथे बीआरएफ२. अँटिबॉडी निवडताना हा एका अंकाचा फरक महागात पडतो.

हे सगळे माणसाचे झाले. दुसऱ्या सजीवावर काम करत असाल तर इथे थांबून विचार करा. वनस्पतींत पॉलिमरेज-२ आणि ३, दोन्ही प्रकारच्या यू जनुकांना टाटा बॉक्स असतो, आणि निर्णय होतो तो टाटा आणि वरच्या घटकामधल्या अंतरावर. फरक सुमारे दहा बेसांचा, म्हणजे डीएनएच्या एका वेढ्याएवढा. फळमाशीत निर्णय पीएसईच्या क्रमातल्या थोड्याशा बेसांवर होतो. यीस्टमध्ये स्नॅप संकुलच नाही. तिथले यू६ टीएफथ्रीसी या पॉलिमरेज-३च्या मदतनीस घटकाने चालते आणि त्याचा एक घटक तर जनुक संपल्याच्या पुढे असतो. म्हणून स्नॅपच्या अभ्यासासाठी यीस्ट निवडू नका, कितीही सोपे वाटले तरी.

टाटा बॉक्सपासून +१ पर्यंतचे अंतर किती कडक आहे, हे एका आजाराने दाखवले आहे. आरएमआरपी हे यू६सारख्याच प्रमोटरचे, पॉलिमरेज-३चे जनुक. कार्टिलेज-हेअर हायपोप्लेजिया या आनुवंशिक विकारात मुलांची उंची खुंटते, केस विरळ राहतात आणि प्रतिकारशक्ती कमी पडते. २००१ साली या विकाराचे मूळ आरएमआरपीत सापडले. काही रुग्णांत आरएनएचा क्रम शाबूत होता. टाटा बॉक्स आणि सुरुवातीची जागा यांच्यामध्ये मात्र थोडे बेस जास्तीचे शिरले होते. घटक सगळे जागेवर, क्रम बरोबर, फक्त मधले अंतर वाढलेले, आणि तेवढ्याने जनुक जवळपास गप्प होते.

पाचवा टप्पा: नळीत पडताळा

आधी बंधन बघा, मग ट्रान्स्क्रिप्शन.

बंधनासाठी जेल-शिफ्ट: खूण लावलेला डीएनएचा तुकडा (प्रोब) प्रथिन चिकटले की जेलमध्ये मागे राहतो. किमान चार मार्गिका ठेवा: नुसता प्रोब, प्रोब आणि प्रथिन, पीएसई बिघडवलेला प्रोब आणि प्रथिन, आणि चौथीत खुणा न लावलेला भरपूर प्रोब स्पर्धेला. बँड स्नॅपचाच आहे हे अँटिबॉडी घालून सिद्ध करा.

संपूर्ण स्नॅपने बँड फिका आला तर प्रथिन खराब झाले असे लगेच ठरवू नका. वर सांगितलेला ब्रेक आठवा. अशा वेळी दोन गोष्टी करून बघण्यासारख्या आहेत. एक, उंदराच्या यू६चा पीएसई वापरा. तो माणसाच्या यू६च्या पीएसईपेक्षा स्नॅपला घट्ट धरतो. दोन, ऑक्ट-१चा पीओयू भाग घाला. मात्र नैसर्गिक अंतराचा लांब, उघडा प्रोब घेऊन ऑक्ट-१ची मदत दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, कारण नळीत न्यूक्लिओसोम नाही. ऑक्टॅमर पीएसईच्या जवळ आणलेला छोटा प्रोब बनवा. न्यूक्लिओसोमचे काम तिथे तुम्ही हाताने करता आहात.

ट्रान्स्क्रिप्शनसाठी हीला पेशींच्या केंद्रकाचा अर्क घ्या. त्यातून स्नॅप अँटिबॉडीने काढून टाका आणि संकेत गेला का ते बघा. मग शुद्ध केलेले स्नॅप परत घाला. संकेत परत आला तरच तो स्नॅपमुळे होता असे म्हणता येते. काढून टाकण्याचा अर्धा प्रयोग करून निष्कर्ष लिहिणारे अहवाल मी बरेच तपासले आहेत. अँटिबॉडीबरोबर दुसरे काही निघून गेले नाही, हे परत घातल्याशिवाय कळत नाही.

पॉलिमरेज कोणते हे ओळखायला अल्फा-अमानिटिन. मिलिलिटरमागे सुमारे २ मायक्रोग्रॅमला पॉलिमरेज-२ बंद पडते. पॉलिमरेज-३ बंद करायला २०० मायक्रोग्रॅमच्या आसपास जावे लागते. दोन्ही मात्रा शेजारी-शेजारी ठेवा. हे विषारी अळंबीतले विष आहे आणि ते यकृत निकामी करते. हातमोजे, वेगळा कचरा, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव, यांत हयगय नको.

प्रमोटरच्या बदलांची मालिका करणार असाल तर चार प्लाझ्मिड पुरतात: मूळ, ऑक्टॅमर बिघडवलेला, पीएसई बिघडवलेला, टाटा बिघडवलेला. ऑक्टॅमर गेला तर संकेत कमी होतो, पीएसई गेला तर जवळपास संपतो. टाटाचा निकाल अमानिटिनसह वाचा, कारण तिथे संकेताबरोबर पॉलिमरेजही बदलू शकते.

सहावा टप्पा: पेशीत बघताना साठा आणि आवक यांत फरक करा

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

कोयना धरणाची पातळी बघून आज किती पाऊस पडला ते सांगता येत नाही. यू१, यू२ हे आरएनए अतिशय टिकाऊ असतात. त्यांचा हिशोब तासांत नव्हे, दिवसांत होतो. तुम्ही स्नॅपसी४ कमी केले, दोन दिवसांनी एकूण आरएनए काढला, यू१ची क्यूपीसीआर केली, आणि काहीच फरक दिसला नाही. म्हणजे स्नॅप लागत नाही? नाही. तुम्ही साठा मोजला. एका प्रयोगशाळेत अशा निकालापोटी दीड वर्षाचे काम बाजूला पडताना मी पाहिले आहे. प्रश्न बरोबर होता, मोजायची वस्तू चुकली होती.

आवक मोजायची तर नुकताच बनलेला आरएनए पकडा. पेशींना थोडा वेळ ४-थायोयुरिडिन द्या आणि तेवढाच खूण लागलेला आरएनए वेगळा करा. किंवा चालू पॉलिमरेजची जागा दाखवणारी प्रो-सेक पद्धत वापरा. हे जमत नसेल तर एक प्रायमर जनुकाच्या शेवटाच्या पुढे ठेवून न कापलेला कच्चा आरएनए मोजता येतो, पण तो आकडा दोन कारणांनी वाढतो: उत्पादन वाढले म्हणून किंवा कापणे बिघडले म्हणून. एकट्या त्या आकड्यावर विसंबू नका.

चिप प्रयोगात, म्हणजे प्रथिन डीएनएवर कुठे बसले ते अँटिबॉडीने ओढून बघताना, आणखी एक मर्यादा. डीएनएचे तुकडे साधारण दोनशे-तीनशे बेसांचे पडतात, आणि आपला अख्खा प्रमोटर तेवढाच. ऑक्ट-१ डीएसईवर दिसतो की पीएसईवर, हे साध्या चिपमधून सांगता येत नाही. ‘या जनुकावर आहे’ एवढेच म्हणा. सेक्वेन्सिंग केले असेल तर एकाहून जास्त जागी जुळणाऱ्या वाचनांचे काय केले ते लिहा. ती टाकून दिलीत तर यू२ नकाशावरून नाहीसा होतो.

आणि एक विनंती, जी एसएनआरएनएशी संबंध नसलेल्या वाचकांनाही लागू आहे. मायक्रोआरएनए मोजताना यू६ स्थिर संदर्भ म्हणून धरायची पद्धत सगळीकडे आहे. पण पी५३ आणि आरबी ही दोन्ही ट्यूमर-रोधक प्रथिने यू६चे ट्रान्स्क्रिप्शन दाबतात. तुमचा प्रयोग याच दोघांना हात लावणारा असेल, तर यू६ हा त्या प्रयोगाचाच भाग झाला. संदर्भ दुसरा घ्या, शक्यतो दोन घ्या.

सातवा टप्पा: शेवटही प्रमोटरच ठरवतो

पॉलिमरेज-३ साधे आहे. ओळीने चार किंवा जास्त टी आले की थांबते. यू६ तिथेच संपते.

पॉलिमरेज-२च्या यू जनुकांत शेवटापुढे ९ ते १९ बेसांवर थ्री-प्राइम बॉक्स नावाची खूण असते. १९८६ सालच्या प्रयोगांतून दिसले की ही खूण तेव्हाच काम करते, जेव्हा पॉलिमरेज यू जनुकाच्याच प्रमोटरवरून निघालेले असते. तीच खूण साध्या एमआरएनएच्या प्रमोटरपुढे ठेवली तर पॉलिमरेज तिच्यावरून सरळ पुढे जाते. सुरुवातीला कोण जमले होते, हे शेवटापर्यंत लक्षात ठेवले जाते. कापणारे इंटिग्रेटर संकुल २००५ साली सापडले. त्यातले ११ व्या क्रमांकाचे प्रथिन प्रत्यक्ष कात्री चालवते. पॉलिमरेज-२च्या शेपटीत सात अमिनो आम्लांचा तुकडा ५२ वेळा येतो. त्यातल्या सातव्या जागेवरच्या सेरीनला फॉस्फेट लागला की इंटिग्रेटर येतो, हे २००७ साली कळले. त्यानंतर लिटल इलाँगेशन कॉम्प्लेक्स नावाचे संकुलही सापडले, जे या जनुकांवर सुरुवातीला आणि पुढच्या वाटचालीतही हात लावते.

तपासायला सोपी रचना: यू जनुकाचा प्रमोटर, मग जनुक, मग थ्री-प्राइम बॉक्स, आणि त्याच्या पुढे हिरवे चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक. कापणे नीट चालले तर पेशी काळ्या राहतात, बिघडले तर हिरव्या होतात. जोडीला प्रमोटर बदललेली तीच रचना अवश्य ठेवा.

परत प्लाझ्मिडकडे

आता पहिल्या बाणाकडे या. गाइडची सुरुवात जीने करा म्हणतात, कारण यू६चा +१ बेस जी आहे. ए चालतो, पण जी असेल तर सुरुवातीची जागा पक्की राहते. टाटा आणि +१ यांच्या मध्ये कापणाऱ्या एन्झाइमची जागा घालायचा मोह होतो; घालायचीच असेल तर तेवढेच बेस बदलून घाला, वाढवून नको. आरएमआरपीतल्या त्या जास्तीच्या बेसांनी काय केले ते वर आलेच आहे. गाइडच्या वीस बेसांत सलग चार टी असतील तर तो गाइड सोडा, पॉलिमरेज-३ मध्येच उतरून जाईल.

आणि गाइडच्या पुढचा ठरावीक सांगाडा एकदा डोळ्यांखालून घाला. प्रचलित सांगाड्याची सुरुवात ‘जी टी टी टी टी ए जी ए जी सी’ अशी आहे. त्यात चार टी सलग आहेत, अगदी तोंडाशीच. म्हणून २०१३ साली तिथली ए-यू जोडी उलटी करून ‘जी टी टी टी ए ए जी ए जी सी’ असा सुधारलेला सांगाडा सुचवला गेला. गाइडचे उत्पादन कमी पडते अशी शंका असेल, तर नवा प्लाझ्मिड मागवण्याआधी आपल्याकडचा सांगाडा यांतला कोणता आहे ते वाचून बघा.